उसन्या इंजिनाची गाडी

परवाच्या रविवारी मी डायनिंग टेबलावर एक मोटर जाळली. मोटर केवढी, तर भुईमुगाच्या शेंगेएवढी. त्यामुळे नुकसान काही फार झालं नाही, पण वास दुपारभर घरात होता. तीन व्होल्टची मोटर बारा व्होल्टला जोडल्यावर दुसरं काय होणार? हापिसात ज्युनिअर पोरांना "आधी डॉक्युमेंटेशन वाचा रे" म्हणून ऐकवणारा माणूस मी. असो.

हे सगळं कशामुळे सुरू झालं ते सांगतो. १९८७ साली बाबांच्या एल.टी.सी.वर आम्ही शिमल्याला गेलो होतो. काल्क्याला उतरलो तर छोट्या रुळांवर एक बस उभी. बस म्हणजे अक्षरशः बस! पुढे बॉनेट, भल्यामोठ्या काचा, आत पंधराएक माणसांची जागा, आणि टायरच्या जागी रेल्वेची चार चाकं. तिचं नाव रेल मोटर. मी अर्थातच हट्ट धरला. बाबा खिडकीवर जाऊन भाडं विचारून आले, आईशी दोन मिनिटं काहीतरी बोलले आणि मला म्हणाले, "पुढच्या वेळी." आम्ही साध्या गाडीने गेलो. पुढची वेळ काही आली नाही. आता बाबा ऐंशीचे आहेत, गुडघे गेलेत, दुसऱ्या मजल्यावरून खाली उतरणं हाच एक प्रवास झालाय. म्हणून म्हटलं, आपणच एक रेल मोटर करू.

पुण्यात कोथरूडला भाऊ जोश्यांचं छोट्या रेल्वेचं म्युझियम आहे, बऱ्याच जणांनी पाहिलं असेल. तिथल्यासारखंच १:८७ हे प्रमाण मी धरलं. काल्का-शिमला लाइन १९०३ची, रुळांमधलं अंतर ७६२ मिमी. भागिले ८७, उत्तर ८.७६. बाजारात ९ मिमीचे रूळ तयार मिळतात. पाव मिलिमीटरचा फरक कोण बघतोय! कार्डबोर्ड आणि प्लास्टिक शीटची बॉडी दोन वीकांतांत झाली. मग प्रश्न आला, ही चालणार कशावर? चाकांच्या आतल्या बाजूंमध्ये जागा जेमतेम साडेसात मिमी. बॉनेट बुटकं. आणि वर सगळ्या काचाच, म्हणजे मोटर आत ठेवली तर प्रवाशांच्या मांडीवर ठेवल्यासारखी दिसणार.

मोटर शोधता शोधता मी खऱ्या रेलकारांचा इतिहास वाचायला लागलो (हे माझं नेहमीचंच, बग सोडवायला बसतो आणि तीन तासांनी भलतंच काहीतरी वाचत असतो). आणि गंमत म्हणजे खऱ्या गाडीची अडचणही नेमकी हीच होती.

बघा, वाफेचं इंजिन म्हणजे मोठा खटला. गाडी सुटायच्या कितीतरी तास आधी बॉयलर पेटवायचा, एक ड्रायव्हर, एक फायरमन, कोळसा, पाणी. मागे दोनशे माणसं असतील तर परवडतं. दहा माणसं आणि टपालाची एक थैली असेल तर? आडबाजूच्या अरुंद लाइनींवर तेवढीच असायची. त्यांना हवं होतं छोटं, एका माणसाने चालवण्याजोगं, किल्ली फिरवली की सुरू होणारं यंत्र. रेल्वेच्या कारखान्यांकडे असलं काही नव्हतं. मोटारगाडीवाल्यांकडे होतं.

आयर्लंडमध्ये काउंटी डोनेगलची तीन फुटी रेल्वे होती. तिच्याकडे १९०६-०७च्या सुमाराची एक पेट्रोलवर चालणारी छोटी तपासणी गाडी पडून होती, साहेब लोकांना लाइन बघायला. १९२६ साली ब्रिटनमधल्या खाणकामगारांचा संप झाला, कोळसा मिळेना. तेव्हा हीच गाडी टपाल आणि माणसं नेण्यासाठी बाहेर काढली आणि लक्षात आलं, अरे, हे तर चालतंय! मॅनेजर हेन्री फोर्ब्ज हुशार माणूस. त्याने त्याच साली दुसऱ्या एका छोट्या रेल्वेकडून फोर्डच्या यंत्रावरच्या दोन जुन्या गाड्या विकत घेतल्या, आणि १९३०च्या सुमाराला तर डिझेल रेलकार आणल्या. ब्रिटिश बेटांवरच्या त्या पहिल्या. यंत्र कुठलं? गार्डनर कंपनीचं, रस्त्यावरच्या वाहनांना बसवायचे तेच. पुढे या गाड्या आपल्या एस.टी.सारख्या फाटकाफाटकावर थांबून माणसं घ्यायच्या. लाइन १९५९च्या अखेरीस बंद पडली, पण वाफेच्या भरवशावर राहिली असती तर इतकी वर्षं टिकली नसती, असं माझं मत.

अमेरिकेतली गोष्ट त्याहून भारी आहे. कोलोरॅडोच्या डोंगरांतली रिओ ग्रँड सदर्न रेल्वे मंदीच्या काळात बुडायला आली होती. टपालाचं कंत्राट तेवढं हातात होतं, आणि ते गेलं तर सगळंच गेलं. १९३१ साली त्यांच्या रिजवेच्या वर्कशॉपने एक जुनी ब्युइक मोटार घेतली, तिच्या मागे सामानाचा डबा जोडला, खाली रेल्वेची चाकं लावली, आणि टपाल निघालं! पुढे पिअर्स-ॲरो या महागड्या मोटारींचे सांगाडे वापरून आणखी केल्या, एकूण सात. लोकांनी नाव ठेवलं 'गॅलपिंग गूज', धावती हंसीण, कारण चालताना ती डुलायची आणि भोंगा हंसासारखा. श्रीमंतांच्या दारातली गाडी टपालाची थैली घेऊन दऱ्याखोऱ्यांतून धावतेय, हे चित्रच मला फार आवडतं. जवळजवळ वीस वर्षं या हंसिणींनी ती रेल्वे ओढली.

आपल्या भाषेत सांगायचं तर कोड रियूज. स्वतःचं लिहायला पैसा नाही, वेळ नाही. दुसऱ्या डिपार्टमेंटचं चालू मॉड्यूल उचला आणि आपल्या इंटरफेसला जोडा. काल्क्याच्या त्या रेल मोटरचा चेहरा बससारखा का होता हे मला चाळीसएक वर्षांनी कळलं. तीही याच कुळातली, आधी पेट्रोलवर आणि मग डिझेलवर चालणारी.

आता मॉडेलवाल्यांकडे या. त्यांचं तर सगळंच उसनं. अरुंद रेल्वेची मॉडेल्स इतकी वाढली ती मुळी दुसऱ्याच्या रुळांवर. १९६२ साली जर्मनीच्या आर्नोल्ड कंपनीने १:१६० प्रमाणाच्या छोट्या गाड्यांसाठी ९ मिमी रूळ आणले. पुढच्याच वर्षी एगर-बान या कंपनीने त्याच रुंदीच्या रुळांवर १:८७च्या गाड्या उभ्या केल्या. म्हणजे एकाची मोठी लाइन ती दुसऱ्याची डोंगरातली छोटी लाइन. आजही जगभरचे लोक काटो किंवा टोमीटेक या जपानी कंपन्यांचा ट्रामचा सांगाडा घेतात आणि वर आपली बॉडी चढवतात. मलाही तोच सोपा रस्ता होता, पण मी मोजमापं काढली तर ट्रामची चाकं नको तिथे येत होती, आणि काचांतून यंत्र दिसलं असतं ते वेगळंच.

मोटर लहान करणं हे मुळात अवघड का, तर लांबी-रुंदी-उंची निम्मी केली की आकारमान एक अष्टमांश होतं आणि जोरही साधारण त्याच हिशोबाने पडतो. त्याला उपाय म्हणजे जास्त ताकदीचं चुंबक. १९८३ साली जपानमध्ये सागावा आणि अमेरिकेत क्रोट यांनी एकमेकांपासून स्वतंत्रपणे निओडिमियमचं चुंबक जाहीर केलं. त्याला मोठं गिऱ्हाईक मिळालं ते आमच्या धंद्यातलं, हार्ड डिस्क. खेळण्यातल्या रेल्वेचा कुणी विचारही केला नव्हता. मग आले पेजर. आपल्याकडे १९९५ला आले आणि पाच-सहा वर्षांत गेले. खिशात पेजर थरथरायचा आठवतंय? तो थरथरायचा कारण आत एक चिमुकली मोटर एका बाजूला जड असलेलं वजन फिरवायची. पुढे मोबाइलमध्येही तीच. जगात अशा मोटरी ढिगाने बनल्या म्हणून त्या आज वडापावच्या भावात मिळतात, आणि म्हणूनच मी एक जाळू शकलो.

पण नुसती मोटर पुरत नाही. काल्का-शिमला लाइनवर वेग ताशी २५ किमी धरा. ८७ने भागलं तर सेकंदाला ८० मिमी. माझं चाक ६ मिमी व्यासाचं, म्हणजे मिनिटाला साधारण अडीचशे फेरे. मोटर फिरणार मिनिटाला दहा हजार. थेट जोडली तर गाडी टेबलावरून स्वयंपाकघरात. मधे चाळीसास एकच्या आसपास दाते हवेत, आणि तेही साडेसात मिलिमीटरमध्ये.

शेवटी तपकीर गल्लीत गेलो. दुकानदाराने विचारलं, "साहेब, कशाला पाहिजे?" म्हटलं, खेळण्यातली रेल्वे करतोय. "मग तयार घ्या की, शंभर रुपयांत चावीवाली येते!" तरी बिचाऱ्याने तीन डबे उपसले. तिसऱ्यात मिळाली. ६ मिमी व्यासाची, पेन्सिलीपेक्षा बारीक, पुढच्या टोकाला आतल्या आत दात्यांची पेटी बसवलेली, २६ला एक. गणित केलं. मोटर साडेसहा हजारांवर फिरवली की चाकाला बरोबर अडीचशे फेरे. म्हणजे पूर्ण जोर लावायचीही गरज नाही. बाहेरून फक्त काटकोनात वळणारी दोन दातेरी चाकं जोडायची. प्रवाशांच्या मांड्या मोकळ्या!

बॉनेटमध्ये शिशाच्या गोळ्या भरल्यात, नाहीतर चार चाकांची हलकी गाडी रुळाच्या सांध्यावर अडते. अजूनही एका सांध्यावर अडतेच. बाबा तिथेच खुर्ची टाकून बसतात आणि बोटाने ढकलतात. मी म्हटलं, बाबा, सांधा नीट करतो. "राहू दे रे," म्हणाले, "स्टेशन आहे ते." काल त्यांनी जुन्या पाकिटाच्या मागच्या कोऱ्या बाजूला टाइमटेबल लिहिलंय. लोणच्याची बरणी सुटणार ७.१०, मिठाची वाटी ७.१२, औषधांचा डबा ७.१५. मिठाच्या वाटीपाशी एक मिनिट थांबा, इंजिनाला पाणी. डिझेलच्या गाडीला पाणी कशाला, हे मी अजून त्यांना विचारलेलं नाही.