अप्राचलीय सांख्यिकी

अप्राचलीय सांख्यिकी : समष्टीचे वितरण प्रसामान्य किंवा अन्य ठरावीक आकाराचे आहे असे गृहीत न धरता अनुमान काढण्याच्या पद्धती. प्राचलीय पद्धतीत आकार आधीच मानलेला असतो आणि सरासरी, प्रमाण विचलन असे मोजके प्राचल शोधायचे उरतात. येथे आकार आधारसामग्रीवरूनच ठरतो, किंवा त्याची गरजच पडत नाही.

राणी ॲनचे वैद्य जॉन आर्बथनॉट यांनी लंडनमधील १६२९ ते १७१० या ८२ वर्षांच्या बाप्तिस्म्याच्या नोंदी तपासल्या. दरवर्षी मुलगेच जास्त. मुलगा-मुलगी होण्याची शक्यता समसमान असती तर असे घडणे जवळजवळ अशक्य, हा त्यांचा युक्तिवाद म्हणजे चिन्ह कसोटीचा पहिला ज्ञात वापर. त्यांनी त्यातून ईश्वरी योजनेचा निष्कर्ष काढला, तो भाग वेगळा. स्पिअरमन यांचा क्रम-सहसंबंध १९०४ मधला. रसायनशास्त्रज्ञ फ्रँक विलकॉक्सन यांनी १९४५ मध्ये क्रमांकांवर आधारलेल्या कसोट्या मांडल्या. १९४७ मध्ये मान आणि व्हिटनी यांनी त्यांतील एकीचा विस्तार केला.

या मान-व्हिटनी कसोटीचे मर्म एका छोट्या उदाहरणात दिसते. चार वाफ्यांना नवे खत दिले, चारांना दिले नाही. आठही वाफ्यांचे उत्पन्न चढत्या क्रमाने मांडून क्रमांक द्यायचे. खताचा परिणाम शून्य असेल तर खतवाल्या वाफ्यांना मिळणाऱ्या चार क्रमांकांचे ७० संच सारखेच संभाव्य. वरचे चारही क्रमांक त्यांनाच मिळण्याची शक्यता ७० पैकी १, म्हणजे सुमारे १.४ टक्के. सर्वांत मोठ्या आकड्यापुढे लिहिणाऱ्याने चुकून एक शून्य वाढवले, तर सरासरी कोलमडते. क्रमांक मात्र तेच राहतात.

वैद्यकीय संशोधनात कॅप्लन आणि मायर यांचा जगण्याच्या संभाव्यतेचा आकलक (१९५८) सर्रास वापरतात : अभ्यास संपेपर्यंत हयात असलेल्या वा मध्येच संपर्क तुटलेल्या रुग्णांची अर्धवट माहितीही त्यात वाया जात नाही. प्रशांतचंद्र महालनोबीस यांनी १९६० मध्ये मांडलेले फ्रॅक्टाइल आलेखी विश्लेषण याच कुळातले. कुटुंबांना उत्पन्न किंवा खर्चाच्या क्रमाने समान गटांत विभागून दोन काळांतील वा प्रदेशांतील राहणीमान त्याने ताडून पाहता येते. हाती असलेल्या नमुन्यातूनच पुन्हा पुन्हा नमुने काढणारी ब्रॅडली एफ्रन यांची बूटस्ट्रॅप पद्धत (१९७९) संगणकामुळे सर्वत्र रुळली.

‘या पद्धतींना गृहीतकेच नसतात’ हा समज चुकीचा आहे. निरीक्षणे परस्परांपासून स्वतंत्र असावीच लागतात. मान-व्हिटनी कसोटीवरून मध्यकांतील फरकाबद्दल बोलायचे तर दोन्ही वितरणांचा आकारही सारखा हवा. कसोटीची ताकद फार घटते ही भीतीही अनाठायी. वितरण खरोखर प्रसामान्य असले तरी मोठ्या नमुन्यांत विलकॉक्सन कसोटीची कार्यक्षमता प्राचलीय टी-कसोटीच्या सुमारे ९५ टक्के भरते. खरी अडचण फार लहान नमुन्याची. दोन्ही गटांत तीन-तीनच निरीक्षणे असतील तर क्रमांकांचे संच २० होतात, आणि द्विपुच्छ (दोन्ही दिशांचा फरक धरणाऱ्या) क्रम-कसोटीतील संभाव्यता १० टक्क्यांखाली जाऊच शकत नाही. तेथे कसोटी बदलून उपयोग नाही, नमुनाच वाढवावा लागतो.