वेगवान प्रोसेसर उशिरा का येतात?

नवा संगणक घरी आणून वर्ष उलटत नाही तोच त्याहून वेगवान प्रोसेसर दुकानात दाखल होतो. तो कंपनीकडे आधीच तयार होता आणि जुना माल खपेपर्यंत दडवून ठेवला होता, अशी शंका मग ग्राहकाला येते. ही शंका सर्वस्वी निराधार नाही. मात्र विलंबामागे व्यापारी हिशेबापेक्षा तांत्रिक अडचणींचा वाटा बहुतेक वेळा मोठा असतो.

घाई किती महागात पडते, हे इंटेलने २००० साली अनुभवले. त्या वर्षी ६ मार्चला एएमडीने एक गिगाहर्ट्झचा 'अॅथलॉन' जाहीर केला आणि इंटेलला अवघ्या दोन दिवसांनी मागे टाकले. गेलेली आघाडी परत मिळवण्यासाठी इंटेलने ३१ जुलैला १.१३ गिगाहर्ट्झचा 'पेन्टियम ३' आणला. स्वतंत्र परीक्षकांनी त्यावर लिनक्सचे कर्नल कम्पाइल करून पाहिले, तेव्हा काम मध्येच बंद पडू लागले. ठरावीक तापमानाला, ठरावीक आज्ञांच्या क्रमात ही चिप चुकू शकत होती. २८ ऑगस्टला इंटेलला ती परत मागवावी लागली. त्यापूर्वी १९९४ मध्ये भागाकारातील दोषापायी याच कंपनीला ४७.५ कोटी डॉलरचा भुर्दंड बसला होता. चाचण्यांचे महिने त्यापुढे स्वस्तच म्हणायचे.

दुसरी अडचण उष्णतेची. वेग वाढवायचा तर विद्युतदाबही वाढवावा लागतो आणि वीजवापर या दाबाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. पूर्वी ट्रान्झिस्टर लहान केला की दाब कमी करता येई. ९० नॅनोमीटरच्या सुमारास हे गणित फसले. ट्रान्झिस्टर बंद असतानाही त्यातून वीज गळू लागली. चार गिगाहर्ट्झचा 'पेन्टियम ४' इंटेलने आधी २००५ पर्यंत लांबणीवर टाकला आणि ऑक्टोबर २००४ मध्ये रद्दच केला. तत्कालीन प्रमुख क्रेग बॅरेट यांनी एका परिषदेत गुडघे टेकून त्याबद्दल माफी मागितली. चार गिगाहर्ट्झ हाच मूळ वेग असलेला इंटेलचा डेस्कटॉप प्रोसेसर यायला २०१४ साल उजाडले. दरम्यान कंपन्यांनी वेगाचा नाद सोडून एकाच चिपवर अनेक 'कोअर' बसवण्याचा मार्ग धरला होता.

उत्पादनातही एक गोम आहे. सिलिकॉनच्या एकाच तबकडीवरील सगळ्या चिप सारख्या निघत नाहीत. चाचणीनंतर त्यांची वेगानुसार प्रतवारी होते आणि सर्वांत वेगवान चिप सुरुवातीला थोड्याच हाती लागतात. पुरेसा साठा झाल्याखेरीज विक्री सुरू करता येत नाही. पुढे उत्पादन सुधारते, तेव्हा अधिक वेग पेलू शकणाऱ्या काही चिपही कमी वेगाची मोहोर लावून स्वस्तात विकल्या जातात, कारण मागणी स्वस्त मालाला असते.

ग्राहकाच्या शंकेला खरे बळ मिळते ते स्पर्धा मंदावल्यावर. इंटेलने २००७ मध्ये सर्वसाधारण डेस्कटॉपसाठी चार कोअरचा प्रोसेसर आणला आणि पुढे सुमारे दहा वर्षे ती संख्या तशीच राहिली. मार्च २०१७ मध्ये एएमडीचा आठ कोअरचा 'रायझन' आला. त्याच ऑक्टोबरात इंटेलने सहा कोअर दिले. हा निव्वळ योगायोग मानणे कठीण आहे.

सहा गिगाहर्ट्झची मजल इंटेलने जानेवारी २०२३ मध्ये मारली. त्या पिढीतील आणि पुढच्या पिढीतील अनेक प्रोसेसर जास्त विद्युतदाबामुळे अस्थिर होत असल्याचे २०२४ मध्ये उघड झाले आणि कंपनीला त्यांची वॉरंटी दोन वर्षांनी वाढवावी लागली.