ख्रिस्ती कीर्तन आणि श्रोत्यांची मागणी

रामटेक येथील लक्ष्मणमंदिरांतील रामचंद्रदेव यादवाच्या काळचा शिलालेख संशोधकांस परिचित आहे. परंतु हें स्थान जितकें लेखांचें, तितकेंच यात्रेचेंही आहे. रामयात्रेसाठीं रामटेकास निघालेल्या गुर्जर राजपुत्रास वाटेंत ऋद्धिपूर येथें गोविंदप्रभु भेटले व तोच पुढें चक्रधर झाला, अशी महानुभावांची परंपरा सांगते. आजही कार्तिकी पौर्णिमेस या टेकडीभोंवतीं जनसमुदाय जमतो. यात्रेकरू धर्म शिकतो तो बहुधा पोथी वाचून नव्हे, तर कथा, भजन व कीर्तन ऐकून. अशा लोकांत नवा धर्म घेऊन आलेल्या मिशनऱ्यांस लोकरंजनाचा आश्रय कसा करावा लागला, याचा विचार येथें करावयाचा आहे.

ख्रिस्ती कीर्तन म्हणजे माणसें ओढण्यासाठीं टाकलेलें आमिष, असा एक समज आहे. साधनें तपासल्यास तो पुरता टिकत नाहीं. पहिला पुरावा गोमंतकांतील आहे. फादर थॉमस स्टीफन्स हे १५७९ सालीं गोव्यास आले व त्यांचें ‘क्रिस्तपुराण’ १६१६ सालीं रायतूर येथें रोमन लिपींत छापलें गेलें. त्याच्या आरंभींच एक नवख्रिस्ती श्रोता गुरूस विचारतो कीं, आमचीं पूर्वींचीं पुराणें तुम्हीं वर्ज्य केलींत, तर त्यांच्या जागीं वाचावयास दुसरें पुराण कां देत नाहीं? सुमारें अकरा हजार ओव्यांच्या या ग्रंथाचा उगम कवीनें असा श्रोत्याच्या मागणींत दाखविला आहे. पुढें त्याच्या १६४९ व १६५४ सालीं आवृत्त्या निघाल्या. १६८४ सालीं पोर्तुगीज सरकारनें देशी भाषेविरुद्ध फर्मान काढलें, तरी लोकांनीं ग्रंथ हस्तलिखितांतून राखला. विल्यम मार्सडेनच्या संग्रहांतील देवनागरी प्रत १९२० नंतरच्या दशकांत जस्टिन अ‍ॅबट यांनीं उजेडांत आणली, तेव्हां मूळ पाठ कोणता हा वाद उत्पन्न झाला.

दुसरा पुरावा अहमदनगरचा. अमेरिकन मराठी मिशनच्या आरंभींच्या उपासनेंत इंग्रजी चालींवर रचलेलीं मराठी गीतें म्हणत. तीं शब्दांनीं मराठी, पण कानास परकीं. १९ व्या शतकाच्या उत्तरार्धांत कृष्णराव रत्नाजी सांगळे यांच्यासारख्या एतद्देशीय ख्रिस्ती कवींनीं कीर्तनाचा अंगीकार केला. पुराणांतील आख्यानाच्या ठिकाणीं बायबलांतील आख्यान आलें. साकी, दिंडी, अभंग व मधलें निरूपण हा सांगाडा कायम राहिला. येथें लक्षांत घ्यावयाचें तें हें कीं, हा बदल मुख्यतः धर्मांतरितांनींच घडविला. धर्म बदलला तरी कान बदलले नव्हते. शिवाय रचना कीर्तनाची म्हटली कीं तिचे दंडकही पाळावे लागतात; ताल चुकला, दृष्टांत फिका पडला, तर श्रोता उठून जातो.

नागपुरांतील वृत्त याहून निराळें दिसतें. १८४५ सालीं तेथें आलेले स्टीफन हिस्लॉप यांनीं परधानांच्या मुखांतील गोंडी गीतें टिपून घेतलीं. त्यांच्या मृत्यूनंतर, १८६६ सालीं, रिचर्ड टेंपल यांनीं तीं प्रसिद्ध केलीं, पण तीं वन्य जातींविषयींच्या अभ्यासाचें साधन म्हणून. ना. वा. टिळक यांनीं ‘ऋषि’ मासिक नागपुरांतच चालविलें. नागपूर-राजनांदगांव मार्गावर आगगाडींत त्यांच्या हातीं नवा करार पडला व १८९५ च्या फेब्रुवारींत मुंबईस त्यांनीं बाप्तिस्मा घेतला. वारकरी संतांचा अभंग त्यांनीं उपासनेंत आणला, तो परक्यानें उचललेला अलंकार म्हणून नव्हे, तर घरचें वाण म्हणून. १९१७ सालीं मिशनची पगारी नोकरी सोडून त्यांनीं ‘देवाचा दरबार’ मांडला, यावरून गीत कोणाचें व मंदिर कोणाचें हा प्रश्न त्यांस किती जाचत होता हें कळून येईल.

सारांश, लोकरंजनानें माणसें आलीं असतील. पण आलेल्या माणसांनींच त्या धर्माच्या उपासनेस मराठी वळण दिलें. या इतिहासाचीं साधनें मात्र दुर्लक्षित आहेत. कीर्तनकारांच्या हातवह्या ख्रिस्ती म्हणून पोथीसंग्राहक बाजूस ठेवतात व जुनाट म्हणून घरचीं माणसें रद्दींत घालतात. नागपूर-रामटेक भागांतील जुन्या ख्रिस्ती कुटुंबांत पदांचें वा आख्यानांचें एखादें बाड आढळल्यास संग्राहकांनीं तें पोथीइतक्याच आदरानें जतन करावें, व मूळ चालींची नोंद जाणत्या वृद्धांकडून वेळींच करून घ्यावी. कारण कागद उरला तरी चाल एकदां गेली म्हणजे परत येत नाहीं.