जुन्या जपानी दुर्बिणी : पट्टीवरचे नाव आणि खरा निर्माता

जुन्या वस्तूंच्या बाजारात जी जपानी द्विनेत्री दुर्बीण हाती लागते, तिच्या मागील पट्टीवर बहुधा टॅस्को, बुशनेल, स्विफ्ट किंवा सिअर्स असे नाव कोरलेले असते. संग्राहकाची पहिली फसगत येथेच होते. ही नावे प्रामुख्याने अमेरिकेतील आयातदारांची आणि विक्रेत्यांची आहेत. ज्यांनी भिंगे घासली, लोलक बसवले आणि दोन्ही नळ्यांचे अक्ष जुळवले, त्यांचे नाव त्या पट्टीवर नसते. ते शोधावे लागते, आणि जुन्या जपानी दुर्बिणी जमवण्याच्या छंदातील खरा रस या शोधातच आहे.

जपानमधील या धंद्याचा आरंभ मात्र निनावी नव्हता. टोकियोतील फुजी बंधूंनी १९११ मध्ये ‘व्हिक्टर’ ही लोलकयुक्त दुर्बीण बाजारात आणली. १९१७ मध्ये निप्पॉन कोगाकू ही कंपनी स्थापन झाली आणि फुजी बंधूंचा कारखाना तिच्यातच विलीन झाला. १९२१ मध्ये या कंपनीने ‘मिक्रॉन’ ही खिशात मावणारी दुर्बीण काढली. पुढे १९८८ मध्ये ‘निकॉन’ हे अधिकृत नाव धारण करणारी कंपनी ती हीच. अशा मोठ्या कारखान्यांच्या दुर्बिणी नावावरून आणि बोधचिन्हावरून सहज ओळखता येतात. त्यांची किंमतही त्याच हिशेबाने चढी असते.

प्रश्न उद्भवतो तो दुसऱ्या महायुद्धानंतरच्या मालाचा. लष्करी मागणी संपली आणि प्रकाशीय उपकरणे घडवणारे कुशल कारागीर निर्यातीच्या कामाकडे वळले. टोकियोच्या इताबाशी भागात या व्यवसायाचे जाळे पसरले. एका ठिकाणी सांगाडा ओतायचा, दुसरीकडे लोलक घासायचे, तिसरीकडे जुळणी करायची, अशी कामाची वाटणी होती. एकाच कारखान्यातून निघालेला माल चार विक्रेत्यांच्या चार नावांनी परदेशी जाई. उलट, एकाच विक्रेत्याच्या नावाखाली वेगवेगळ्या कारखान्यांच्या दुर्बिणी विकल्या जात. त्यामुळे ‘अमुक नावाची दुर्बीण चांगली’ हे विधान या काळापुरते फारसे उपयोगाचे नाही.

माग काढण्याची साधने थोडी आहेत, पण बोलकी आहेत. ‘मेड इन ऑक्युपाइड जपान’ अशी अक्षरे असतील, तर ती वस्तू दोस्त राष्ट्रांच्या ताब्यातील जपानची, म्हणजे १९४७ ते १९५२ या काळातील ठरते. ही अक्षरे नसली, तर मात्र काहीच सिद्ध होत नाही. दुसरी खूण म्हणजे ‘पास्ड’ हा शब्द आणि जेटीआयआय ही आद्याक्षरे असलेला सोनेरी लंबगोल कागद. निर्यातीचा स्वस्त माल देशाची अब्रू घालवील, या धास्तीतून जपानने निर्यात होणाऱ्या वस्तूंची तपासणी कडक केली आणि १९५७ मध्ये त्यासाठी स्वतंत्र कायदाही केला. दुर्बिणींची तपासणी करणाऱ्या संस्थेचा शिक्का म्हणजे हा कागद. तो बोटाच्या घर्षणानेही निघून जातो. म्हणून शाबूत कागद असलेली दुर्बीण संग्राहक अधिक जपतात.

तिसरी खूण सर्वांत महत्त्वाची. मधल्या बिजागरीच्या पुढच्या टोकाशी किंवा तळाच्या बाजूला ‘जेबी’ अथवा ‘जेई’ ही अक्षरे आणि पुढे एक अंक, असा बारीक ठसा असतो. जेबी अंक सांगाडा बनवणाऱ्याचा, तर जेई अंक जुळणी करून तयार माल देणाऱ्याचा मानला जातो. अभ्यासकांनी या अंकांच्या याद्या तयार केल्या आहेत. त्यांच्या आधारे दोन निरनिराळ्या नावांच्या दुर्बिणी एकाच घरच्या आहेत, हे उघड होते. ठसा वाचण्यासाठी तिरपा प्रकाश आणि साधे बहिर्गोल भिंग पुरते. कित्येकदा काळ्या रंगाने अंक भरून गेलेला असतो. तो खरवडण्याचा मोह मात्र आवरावा.

बाह्य आकारावरून निर्मात्याचा निर्णय करणे धोक्याचे. पुढची नळी वेगळी फिरवून बसवलेली असेल तर ती जर्मन झाइस धाटणी, आणि नळी व लोलकाचे घर एकसंध ओतलेले असेल तर ती अमेरिकन बॉश अँड लॉम्ब धाटणी. जपानी कारखान्यांनी दोन्ही उचलल्या. ‘७×५०’ म्हणजे सात पट विवर्धन आणि पन्नास मिलिमीटरचे वस्तुभिंग. त्याच्या शेजारी ७.१ अंश किंवा हजार यार्डांवर सुमारे ३७२ फूट असे दृष्टिक्षेत्र दिलेले असते. हे आकडे अनेक कारखान्यांच्या मालावर सारखेच आढळतात. त्यांवरून दुर्बीण कशी आहे ते कळेल, कोणाची आहे ते कळणार नाही.

याच कारणाने दुरुस्तीबाबत सावध राहणे अगत्याचे ठरते. हौशी दुरुस्तीत दोन मोडक्या दुर्बिणींमधून एक उभी केली जाते. मग सांगाडा एकाचा, नेत्रिका दुसऱ्याची, आणि झाकणपट्टी तिसऱ्याची. नवा रंग आणि चकचकीत पॉलिश दिलेली दुर्बीण देखणी दिसते, पण अनेकदा तिच्यावरचा ठसा पुसला गेलेला असतो. आपण कोणाच्या हातची वस्तू बाळगतो, हे सांगणारा बहुधा एकमेव पुरावा असा कायमचा नाहीसा होतो.

गोव्यासारख्या दमट किनारपट्टीवर शत्रू आणखी एक आहे, तो म्हणजे बुरशी. भिंगांवर आणि लोलकांवर कोळ्याच्या जाळ्यासारखे तंतू पसरतात, आणि वेळीच साफ न केल्यास काचेवरील लेप खाऊन टाकतात. मूळ चामडी पेटी कितीही सुंदर असली, तरी पावसाळ्यात दुर्बीण तिच्यात ठेवू नये, कारण चामडे ओल धरते. हवाबंद डब्यात ओल शोषणाऱ्या सिलिका जेलच्या पुड्यांसह ती ठेवणे बरे. बुरशी आत शिरलीच, तर दुर्बीण घरी उघडू नये. लोलक केसभर सरकला तरी दोन्ही डोळ्यांची चित्रे एकमेकांवर बसत नाहीत आणि पाहणाऱ्याचे डोके दुखू लागते. दुर्बीण कारागिराकडे देण्यापूर्वी बिजागरीवरील ठसा, अनुक्रमांक आणि सोनेरी कागद यांची स्पष्ट छायाचित्रे काढून ठेवावीत, आणि सांगाडा रंगवू नये असे त्याला बजावावे.