बॉब्सची पत्रं

शनिवारी सकाळी चहा घेऊन वाचायला बसलो आणि उठलो तेव्हा जेवायची वेळ टळून गेली होती. घरी बोलणी खाल्ली. निमित्त काय, तर एका कुत्र्याची पत्रं!

कुत्र्याचं नाव बॉब्स. जात फॉक्स टेरियर. मालकीण एनिड ब्लायटन. हो, त्याच.. फेमस फाईव्ह आणि नॉडीवाल्या. आमच्या पिढीतल्या बऱ्याच जणांनी इंग्रजीतलं पहिलं अख्खं पुस्तक वाचलं ते ह्या बाईंचं. मी तर गल्लीतल्या लायब्ररीतून भाड्यानं आणून, दुसऱ्या दिवशी परत करायचं म्हणून पांघरुणात बॅटरी लावून वाचलेली आहेत. पण फेमस फाईव्हचं पहिलं पुस्तक आलं १९४२ साली. तेव्हा बाई पंचेचाळीस वर्षांच्या होत्या. त्याआधी त्या काय करत होत्या, हा प्रश्न मला कधी पडलाच नव्हता.

तर त्या शिक्षिका होत्या आणि लिहीत होत्या. इंग्लंडमध्ये 'टीचर्स वर्ल्ड' नावाचं शिक्षकांचं साप्ताहिक होतं. १९२३ पासून त्यात बाईंचं सदर होतं. १९२९ पासून त्यांना मुलांसाठी अख्खं पान मिळालं, आणि त्या पानावर बॉब्स लिहू लागला. एक पत्र बाईंचं, एक बॉब्सचं. बागेत कुठली फुलं आली, पक्षी काय करतायत, घरातल्या प्राण्यांनी आज काय गोंधळ घातला, असल्या गोष्टी. बाई तेव्हा बोर्न एंड गावात 'ओल्ड थॅच' नावाच्या गवती छपराच्या घरात राहत. मुलांना ते घर आणि ती बाग तोंडपाठ झाली. त्यांची पत्रं ढिगानं यायची आणि बाई उत्तरंही द्यायच्या. बॉब्स इतका लाडका झाला की १९३३ मध्ये त्याच्या पत्रांचं पुस्तक निघालं.

ही जुनी पानं आज वाचायला मिळतात ती चाहत्यांमुळे. १९९५ मध्ये एनिड ब्लायटन सोसायटी सुरू झाली. तिथल्या लोकांनी जुने अंक मिळवून, कुठल्या तारखेला काय छापलं ह्याच्या याद्या लावल्यात. बहुतेकांना ह्या पत्रांत आपलं बालपण भेटतं. निसर्गाची आवड असणाऱ्यांना ऐंशी-नव्वद वर्षांपूर्वीची इंग्लंडमधली बाग भेटते. मला मात्र सवयीप्रमाणे तारखा दिसल्या. आठवडाभर लॉग फायली बघणाऱ्या माणसाचं रविवारीही हेच होतं. दोन तारखा जुळल्या नाहीत की चैन पडत नाही.

न जुळणारी तारीख ही : बॉब्स १९३५ साली वारला. पण पत्रं थांबली नाहीत!

१९३८ मध्ये बाईंनी बीकन्सफील्डला नवं घर घेतलं. त्याचं 'ग्रीन हेजेस' हे नावसुद्धा वाचक मुलांनी सुचवलेलं. पुढे महायुद्ध सुरू झालं. मेलेला बॉब्स नव्या घरातूनही पत्रं लिहीत राहिला. बाईंचं 'टीचर्स वर्ल्ड'मधलं काम संपलं ते १९४५ मध्ये. बॉब्स गेला, हे मुलांना कधी सांगितलंच गेलं नाही.

आता कुणी म्हणेल, त्यात काय एवढं? कुत्रा पत्र लिहितो हेच मुळात खोटं, मग तो मेल्यावर लिहितो ह्यात वेगळं खोटं ते काय? मुद्दा बरोबर आहे. बॉब्स तोपर्यंत एक पात्र झाला होता, आणि पात्रं मरत नसतात. शिवाय दर आठवड्याला वाट बघणाऱ्या पोरांना 'बॉब्स गेला' असं कोणत्या तोंडानं सांगायचं?

पण मला खटकलं ते दुसरंच. हे पान निसर्गाचं होतं. फुलं येतात, गळतात. पक्षी घरटी करतात, पिल्लं उडून जातात. हे सगळं मुलांना समजावून सांगणारी बाई स्वतःच्या घरातलं एक मरण मात्र सांगू शकली नाही.

ह्याचं मूळ शोधत बार्बरा स्टोनी यांच्या १९७४ च्या ब्लायटन-चरित्रातल्या हकिकतींपर्यंत गेलो. एनिडला निसर्गाचं वेड लावलं ते वडिलांनी. थॉमस ब्लायटन लेकीला घेऊन लांब लांब फिरायला जायचे, पक्ष्यांची आणि फुलांची नावं सांगायचे. आईला ह्यातलं काही आवडायचं नाही. आणि १९१० मध्ये, एनिडचा तेरावा वाढदिवस जवळ आला असताना, वडील दुसऱ्या बाईसाठी घर सोडून गेले. आईनं मुलांना बजावलं, कुणी विचारलं तर सांगायचं, बाबा बाहेरगावी गेलेत.

बाहेरगावी गेलेत! इथे मी वाचायचा थांबलो.

पुढेही तेच झालेलं दिसतं. १९२० मध्ये वडील वारले, तर त्या अंत्यविधीला गेल्या नाहीत. पहिले पती ह्यू पोलॉक यांच्याशी घटस्फोट झाल्यावर ते मुलींच्या आयुष्यातून जवळजवळ पुसले गेले. धाकटी मुलगी इमोजेन हिनं १९८९ मध्ये आठवणी लिहिल्या. त्यात भेटणारी आई पत्रांतल्या त्या प्रेमळ बाईंपेक्षा फार वेगळी आहे. थोरल्या जिलियनच्या आठवणी मात्र चांगल्या होत्या. म्हणजे एकाच घराची दोन वर्णनं, आणि बॉब्सचं धरलं तर तिसरं.

मग ही पत्रं खोटी म्हणून टाकून द्यायची का? मला नाही वाटत. त्यातलं बघणं खरं आहे. त्या नजरेनं हजारो शहरी पोरांना खिडकीबाहेर बघायला शिकवलं, हेही खरं. फक्त आपण मोठ्यांनी ती वाचताना शेजारी दुसरा कागद ठेवायला हवा. बॉब्सच्या पत्राची तारीख एका बाजूला, घरात त्या वर्षी काय चाललं होतं ते दुसऱ्या बाजूला. बाईंना दोष द्यायला नव्हे. न लिहिलेलं पत्रसुद्धा वाचता यावं, एवढ्यासाठी.

हे सगळं मला इतकं का लागलं, तेही सांगून टाकतो. मी सात वर्षांचा असताना आमचा मोती एक दिवस घरात दिसेना. आजोबा म्हणाले, "त्याला शेतावर सोडलंय, तिथे मोकळं फिरायला मिळतं." पुढची दोन वर्षं शेतावर जाणाऱ्या प्रत्येकाबरोबर मी मोतीसाठी भाकरीचा तुकडा पाठवत होतो. सगळे तो मुकाट्यानं घेत होते. खरं कळलं ते कॉलेजात गेल्यावर, गप्पांच्या ओघात. तेव्हा मोती गेल्याचं दुःख झालं नाही. त्या तुकड्यांचं झालं.

आता घरात सहा वर्षांची लेक आहे आणि एक म्हातारं मांजर आहे. मांजर हल्ली उन्हातून उठत नाही. काल लेकीनं विचारलं, "बाबा, ही मरणार का गं.. म्हणजे का रे?" तिचा असा गोंधळ होतो. माझ्या जिभेवर शेत आलंच होतं. पण दिवसभर बॉब्सबरोबर घालवला होता. म्हटलं, "हो, थोड्या दिवसांनी." ती थोडा वेळ गप्प बसली, आणि मग मांजराच्या शेजारी जाऊन आडवी झाली.

असो. तुमच्या घरचा मोती कुठे गेला होता?