चांदण्याची किंमत

दिनांक ३ डिसेंबर १९७१. मार्गशीर्षाची पौर्णिमा आदल्याच दिवशी झाली होती. सायंकाळी अमृतसर, पठाणकोट व श्रीनगर येथील विमानतळांवर पाकिस्तानी विमानांनी हल्ले चढविले आणि रात्री त्यांची बाँबफेकी विमाने सरहद्दीपासून सुमारे ४८० किलोमीटर आत, थेट आग्र्यापर्यंत येऊन पोहोचली. आपल्या मंडळींतील ज्येष्ठांना ते दिवस अद्याप स्मरत असतील. दिल्लीत ब्लॅकआऊट होता. पहाडगंजच्या गल्लीबोळांतील दिवे मालवता येत होते. परंतु शेजारच्या नवी दिल्ली स्थानकाच्या रुळांवर पडणारे चांदणे कोण मालवणार? आग्र्यास हाच प्रश्न ताजमहालाने उभा केला. चांदण्यात त्याचा संगमरवर दुरून उजळून दिसे, म्हणून तो गोणपाट व डहाळ्यांनी झाकण्यात आला होता.

रात्रीच्या हवाई हल्ल्यात चांदणे दुधारी असते. ते वैमानिकास लक्ष्य दाखविते, तसेच वैमानिकासही शत्रूच्या नजरेस आणून देते. याची जबर किंमत ब्रिटिश हवाई दलाने ३० मार्च १९४४ च्या रात्री मोजली. न्यूरेंबर्गवर ७९५ विमाने निघाली. चंद्र अर्धा होता. पण वाटेत उंच ढगांचा आडोसा मिळेल, असा अंदाज होता. तो मिळणे कठीण आहे, असे हवामान पाहण्यास गेलेल्या विमानाने कळविले. तरीही बेत कायम राहिला. वाटेत आकाश निरभ्र निघाले. थंड हवेत विमानांमागे वाफेच्या शुभ्र रेषा उमटल्या आणि जर्मन लढाऊ विमानांना आयताच माग मिळाला. शहरावर मात्र दाट ढग होते; अनेकांचे बाँब भलतीकडेच पडले. ९५ विमाने नष्ट झाली व ५०० हून अधिक जण प्राणांस मुकले. त्या बाँबफेकी दलाची एका रात्रीत एवढी हानी महायुद्धात दुसऱ्यांदा झाली नाही.

आम्ही सरकारी नोकरीत आयुष्य घालविलेली माणसे. अहवाल येतो, फाईलला लागतो आणि निर्णय मात्र आधीच झालेला असतो, हे आम्हांस अपरिचित नाही. एरवी त्यापायी एखादे काम रखडते. त्या रात्री माणसे गेली.

१९७१ साली दिल्लीवर बाँब पडला नाही, हे आपले भाग्य. परंतु ज्या चांदण्याने दिवे मालवून बसलेल्या घरांना धास्ती घातली, त्याच चांदण्यात आपली कॅनबेरा विमानेही शत्रूच्या तळांकडे झेपावली होती. त्या रात्रीची आठवण काढताना अंधारात बसलेल्या आपल्या घरांबरोबरच, त्या उजेडात उडालेल्या तरुणांचेही स्मरण आपण ठेवावे.