सावलीने शिकवलेली संक्रांत

दिवाळीच्या पहाटे अभ्यंगासाठी उठलेल्या मुलांना एक गोष्ट सांगावी लागत नाही, ती म्हणजे दिवस लहान झाल्याची. परसातल्या चुलीवर पाणी तापत असते, अंगाला उटणे लागलेले असते आणि आकाशात अजून चांदण्या असतात. आमच्या भागात या दिवसांत सूर्य साडेअकरा तासांच्या आसपासच क्षितिजावर असतो. पुढे तो आणखी आखडता हात घेतो. मग केव्हातरी त्याला पुन्हा उदार व्हावेसे वाटते. हा 'केव्हातरी' नेमका केव्हा, यावरून एकदा माझी भर वर्गात फजिती झाली. तिची हकीगत सांगितल्याशिवाय मला पुढचा इतिहास सांगता येणार नाही.

संक्रांतीच्या आदल्या दिवशी मी सातवीच्या वर्गात नेहमीचे वाक्य बोललो, "उद्यापासून उत्तरायण. उद्यापासून दिवस तिळातिळाने वाढणार." इतकी वर्षे ते बोलत आलो होतो, माझ्या गुरुजींनी मला तेच सांगितले होते. मागच्या बाकावरची एक मुलगी उठून म्हणाली, "गुरुजी, आमचे आजोबा म्हणतात, दिवस कधीचाच वाढायला लागलाय. आमच्या ओसरीवर दुपारची सावली तिसऱ्या फरशीपर्यंत येऊन तीन आठवड्यांपूर्वीच माघारी फिरली." वर्ग हसला. मीही हसलो आणि वर म्हणालो, "तुझ्या आजोबांना पंचांगापेक्षा जास्त कळतं वाटतं!" ती खाली बसली. तिचा उतरलेला चेहरा मला अजून दिसतो.

रात्री मात्र झोप लागेना. मी मॅट्रिकच्या पुढे न गेलेला माणूस, चार कादंबऱ्या लिहिल्या त्या माणसांच्या मनांवर, ग्रहांवर नव्हे. पण सावली काय खोटे बोलेल? पुढच्या डिसेंबरात मी शाळेच्या पटांगणात दोन मीटरची काठी ओळंब्याने सरळ उभी केली आणि रोज मध्यान्हीला, म्हणजे सावली सर्वांत आखूड असेल तेव्हा, मुलांकडून तिच्या टोकाशी खुंटी ठोकवून घेतली. 22 डिसेंबरला सावली 180 सेंटिमीटर भरली. संक्रांतीला भरली 167. अर्ध्या वितीहून थोडी जास्त एवढी ती आधीच मागे सरली होती. ओसरीवरचे आजोबा बरोबर होते आणि मी चूक.

आता सावली मागे का सरते, ते पाहू. समई लावा आणि मोसंब्यातून विणकामाची सुई आरपार घाला. मोसंबे म्हणजे पृथ्वी, सुई म्हणजे तिचा आस. सुई थोडी कलती धरा. खऱ्या पृथ्वीचा आस सुमारे साडेतेवीस अंश कललेला आहे. आता मोसंबे समईभोवती फिरवा, पण एक पथ्य पाळा. सुईचे वरचे टोक सतत खोलीच्या एकाच कोपऱ्याकडे राहिले पाहिजे, समईबरोबर वळता कामा नये. म्हणजे एका बाजूला आलात की वरचा अर्धा भाग ज्योतीकडे झुकतो आणि समोरच्या बाजूला गेलात की तोच भाग मागे रेलतो. झुकतो तेव्हा तिथे दिवस मोठा आणि किरण सरळ, रेलतो तेव्हा दिवस लहान आणि किरण तिरपे. ऋतूंचे मूळ एवढेच आहे. सूर्य जवळ आला म्हणून उन्हाळा, हे आपल्या मनात घट्ट बसलेले असते. पण पृथ्वी सूर्याच्या सर्वांत जवळ, सुमारे 14 कोटी 71 लाख किलोमीटरवर, येते ती जानेवारीच्या आरंभी, आपण शेकोटीपाशी बसलेले असतो तेव्हा. मंगळाचा आस पंचवीस अंश कलता, म्हणून त्यालाही आपल्यासारखेच ऋतू आहेत. गुरूचा जेमतेम तीन अंश, म्हणून त्याला ऋतू नसल्यासारखेच.

सुई वळवण्याची चूक मुलेच करतात असे नाही. 1543 साली ज्याच्या ग्रंथाने सूर्याला मध्यभागी बसवले, त्या कोपर्निकसलाही वाटले होते की सूर्याभोवती फिरताना आस आपोआप वळेल. मग त्याला जागच्या दिशेला धरून ठेवण्यासाठी पृथ्वीला एक तिसरी गती त्याने देऊ केली. तशा गतीची गरज नव्हती.

आपल्या जुन्या ज्योतिष्यांनी बहुतेक सूर्यालाच फिरवले, पण हिशेब काय नेटका केला! समरात्रीच्या दिवशी, म्हणजे दिवस आणि रात्र सारखी असतात त्या दिवशी, बारा अंगुळांच्या शंकूची मध्यान्हीची सावली मोजायची. तिचे नाव पलभा. पुण्याची पलभा चार अंगुळे. तिला 10, 8 आणि 3⅓ यांनी गुणायचे; 40, 32 आणि 13⅓ आले, बेरीज सुमारे 85 पळे. चोवीस सेकंदांचे एक पळ, म्हणजे झाली 34 मिनिटे. सर्वांत मोठ्या दिवशी सूर्य सहाच्या तेवढा आधी उगवतो आणि तेवढा नंतर मावळतो. म्हणजे दिवस झाला तेरा तास आठ मिनिटांचा. हवेमुळे सूर्य क्षितिजावर किंचित उचललेला दिसतो, म्हणून प्रत्यक्षात आणखी चारपाच मिनिटे मिळतात. दुर्बीण नाही, घड्याळ नाही. एक काठी आणि तीन आकडे! हे गणित मी फळ्यावर करून दाखवले, तेव्हा मुलांपेक्षा मलाच जास्त आनंद झाला.

मग इतके जाणणाऱ्यांच्या देशात संक्रांत आणि उत्तरायण यांची फारकत झाली कशी? आसाचा कल जवळजवळ तोच राहतो, पण भोवरा मंदावताना जशी त्याची मान गरगरते तसा आस सुमारे 25,800 वर्षांत एक फेरी घेतो. त्यामुळे अयनबिंदू ताऱ्यांमधून दर 72 वर्षांना एक अंश मागे सरकतात. सूर्य ताऱ्यांमधल्या मकरेत शिरतो ती आपली संक्रांत. सूर्य दक्षिणेकडून परत फिरतो ते उत्तरायण. सहाव्या शतकात वराहमिहिराच्या वेळी दोन्ही जवळजवळ एकत्र होती. पूर्वी उत्तरायण धनिष्ठांपाशी होत असे, आता मकरारंभी होते, हे त्याने नोंदवून ठेवले आणि शंका असेल त्याने दूरवरची खूण धरून सूर्याचे उगवणे-मावळणे पाहावे किंवा मोठ्या वर्तुळात शंकूच्या सावलीची ये-जा तपासावी, असेही सांगितले. आपण त्याचा मकरारंभ जपला, शंकू तेवढा विसरलो. कोकणातल्या नांदगावच्या गणेश दैवज्ञांनी 1520 सालच्या 'ग्रहलाघवा'त हा सरक मोजायची सोपी रीत दिली होती. पंचांगकर्ते ती वापरीतही होते, फक्त सणाला तिची वाट दाखवीत नव्हते.

हे सारे मराठीत ज्याने एका ग्रंथात आणले, तो माणूस माझ्यासारखाच मास्तर होता. शंकर बाळकृष्ण दीक्षित, जन्म 1853, दापोलीजवळचे मुरूड. मॅट्रिक झालेले, गावोगाव शिक्षकी करून शेवटी पुण्याच्या ट्रेनिंग कॉलेजात आलेले. त्यांचा 'भारतीय ज्योतिषशास्त्र' 1896 साली निघाला. विसाजी रघुनाथ लेले आणि जनार्दन बाळाजी मोडक यांच्यासह ते सायन पंचांग काढीत. त्यात मकरसंक्रांत सूर्य खरोखर परततो त्या दिवशी, डिसेंबरातच, येई. सायनवाद्यांचे म्हणणे साधे होते: चैत्र वसंतातला आहे तर तो वसंतातच राहिला पाहिजे, ताऱ्यांच्या मागे लागून हळूहळू पावसाळ्यात जाता कामा नये. दुसऱ्या बाजूला केरो लक्ष्मण छत्रे यांचे पटवर्धनी पंचांग होते, तेही सुधारलेलेच, पण निरयन, म्हणजे ताऱ्यांना धरून चालणारे. लोकांनी संक्रांत हलवली नाही. नक्षत्रांशी बांधलेले सण सोडवत नाहीत, हे मला समजते. माझ्या घरीही तिळगूळ जानेवारीतच होतो. दीक्षित 1898 साली पंचेचाळिशीही न गाठता गेले.

मेघनाद साहा यांच्या अध्यक्षतेखाली पुढे सरकारी समिती बसली आणि 22 मार्च 1957 पासून राष्ट्रीय सौर दिनदर्शिका सुरू झाली. तिच्यातला पौष 22 डिसेंबरला लागतो. सणांच्या पंचांगासाठी मात्र त्या समितीनेही ताऱ्यांचीच गणना ठेवली आणि अंतर 23 अंश 15 कला धरले. हा आकडा आसाच्या कलाच्या इतका जवळ आहे की शिकलेली माणसेही दोन्ही एकच समजतात. तो निव्वळ योगायोग आहे. हे अंतर वाढत चालले आहे आणि आता चोवीस अंशांच्या पुढे गेले आहे.

संक्रांतीच्या बाजूने एक साक्ष मात्र खरी आहे. आमच्याकडे सूर्योदय घड्याळात सर्वांत उशिरा होतो तो डिसेंबरात नव्हे, जानेवारीच्या मध्यास. संध्याकाळ त्याच्या कितीतरी आधीपासून लांबत असते, म्हणून एकूण दिवस वाढतच असतो. पण पहाटे उठून गोठ्यात जाणाऱ्याला तो वाढल्याचे संक्रांतीनंतरच जाणवते. माझ्या गुरुजींचे वाक्य त्या अर्थाने अगदीच निराधार नव्हते.

खुंट्यांच्या त्या वर्षी ती मुलगी आठवीत, दुसऱ्या शाळेत गेली होती. मी तिच्या घरी गेलो. आजोबा ओसरीवरच होते. "तुमची फरशी बरोबर, माझं पंचांग चूक," म्हणालो. म्हातारा हसला आणि मला सरकायला सांगितले. मी नेमका तिसऱ्या फरशीवर, त्यांच्या सावलीच्या वाटेत बसलो होतो. आतून मुलगी चहा घेऊन आली आणि पहिलेच विचारती झाली, "गुरुजी, मग मे महिन्यात सावली नाहीशी होते, त्याच्यानंतर ती दक्षिणेला कशी पडते?"

मी तिच्याकडे एक मोसंबे मागितले.